पत्रकारितेचे विद्यार्थी स्थानिक बातमी कशी शिकतात? समजून घ्या

आपल्या भागात आज पाणी का आलं नाही, रस्ता पाच महिन्यांपासून का खोदून ठेवलाय, शाळेतली शिक्षकाची जागा का भरली नाही, हे तुम्हाला कोण सांगतं? दिल्ली-मुंबईतलं राजकारण सांगायला डझनभर वाहिन्या आहेत. आपल्या गल्लीतलं सांगायला मात्र बहुतेक वेळा एखादाच वार्ताहर असतो, आणि तोही पाच-सहा गावं आणि दोन-तीन कामं एकाच वेळी सांभाळत असतो.

हा वार्ताहर तयार कसा होतो? पत्रकारितेच्या कॉलेजात नेमकं काय शिकवतात? ज्याच्या हातात ओळखपत्र नाही, ओळखी नाहीत, असा वीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीत जाऊन बातमी कशी आणतो? पत्रकारितेला प्रवेश घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण बातमी कशी तयार होते हे कळलं तर ती वाचणाऱ्यालाही खरी बातमी आणि नुसता गलका यातला फरक ओळखता येतो.

पत्रकारिता शिकायची सोय कुठे आहे?

भारतात पत्रकार होण्यासाठी पदवी सक्तीची नाही. डॉक्टर किंवा वकिलासारखी कुठल्या परिषदेकडे नोंदणीही करावी लागत नाही. तरीही गेल्या काही दशकांत वृत्तपत्रं आणि वाहिन्यांमध्ये येणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण अभ्यासक्रम करून येतात.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, मराठी पत्रकारांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. मुंबई विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ इथेही पत्रकारितेचे विभाग आहेत. मुंबईत अनेक वर्षं 'बीएमएम' नावाने ओळखला गेलेला पदवी अभ्यासक्रम आता 'बीएएमएमसी' नावाने चालतो. काही कॉलेजांत तो मराठीतूनही शिकता येतो.

तसं पाहिलं तर मराठी पत्रकारितेचं आणि वर्गाचं नातं अगदी सुरुवातीपासूनचं आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. 'दर्पण' सुरू केलं तेव्हा ते विशीचे होते, म्हणजे आज जे वय कॉलेजातल्या विद्यार्थ्याचं असतं साधारण तेच. ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो, तो याच अंकामुळे.

वर्गात काय शिकवतात?

पहिल्या सत्रात बातमीची रचना शिकवली जाते. सगळ्यात महत्त्वाचं आधी, तपशील नंतर. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं, ही सहा प्रश्नांची यादी पाठ होते. मग इंट्रो कसा लिहायचा, मथळा किती शब्दांत बसवायचा, प्रेसनोटवरून बातमी कशी करायची, हे येतं. माध्यमांचा इतिहास, कायदे, संपादन, कॅमेरा, मोबाईलवर व्हिडिओ कापणं हेही असतं. बऱ्याच विभागांत विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंक निघतो. त्यात बातमी आणण्यापासून पानं लावण्यापर्यंत सगळी कामं विद्यार्थीच करतात.

यात एक अडचण असते. पुण्यात शिकणारा विद्यार्थी अनेकदा लातूर, बीड, धुळे किंवा सिंधुदुर्गातून आलेला असतो. तो कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा खातो आणि शहर त्याला बसच्या क्रमांकांपलीकडे माहीत नसतं. अशा वेळी 'तुमच्या भागातली एक बातमी आणा' असं सांगितलं, की पहिला प्रश्न पडतो, माझा भाग कोणता? गावातलं सगळं माहीत आहे पण गाव तीनशे किलोमीटरवर आहे. शहर समोर आहे पण तिथे कोणाला ओळखत नाही.

म्हणूनच बहुतेक शिक्षक विद्यार्थ्यांना बीट वाटून देतात.

बीट म्हणजे काय?

बीट म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेला विषय किंवा परिसर. गुन्हेगारी, महापालिका, आरोग्य, शिक्षण, न्यायालय, शेती, अशा बीट असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच माणसाकडे तीन-चार बीट असतात. तालुक्याच्या वार्ताहराकडे तर सगळंच असतं.

बीट म्हणजे काही फक्त रोजची फेरी नव्हे. बीट सांभाळणाऱ्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात. निर्णय कोण घेतं? त्या निर्णयाचा कागद कुठे तयार होतो? आणि त्या निर्णयाची झळ कोणाला बसते? या तीन ठिकाणी रोज किंवा आठवड्यातून एकदा जाणं म्हणजे बीट करणं. नवख्या विद्यार्थ्याचा पहिला महिना बहुधा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकण्यात जातो. शिपाई, लिपिक, चहावाला आणि कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारा माणूस यांच्याशी ओळख होते ती याच काळात. पुढे बऱ्याच बातम्यांची कुणकुण लागते तीही इथूनच.

एक बातमी उलगडून पाहू: नळाला पाणी का येत नाही?

समजा, एखाद्या विद्यार्थिनीला पुण्यातला पाणीपुरवठा हा विषय दिला. तिची मैत्रीण महापालिकेत नव्याने आलेल्या गावातल्या सोसायटीत राहते आणि तिथे रोज टँकर येतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं समाविष्ट झाली. यातल्या अनेक भागांत पाण्याचा प्रश्न जुनाच आहे.

पहिला मसुदा बहुतेक जण सारखाच लिहितात. मथळा असतो, 'पाण्यासाठी नागरिकांचे हाल'. आत 'नागरिक त्रस्त', 'प्रशासनाचं दुर्लक्ष', 'तीव्र आंदोलनाचा इशारा'. हे शब्द आपण इतक्या वेळा वाचलेत, की ते वाचून काहीच कळत नाही. शिक्षक असा मसुदा परत देतात आणि विचारतात, किती घरं? कधीपासून? दुर्लक्ष केलं म्हणजे कोणी, काय करायचं होतं आणि केलं नाही?

इथून खरं काम सुरू होतं. विद्यार्थिनीला साधारण या क्रमाने जावं लागतं.

पहिली पायरी सोसायटीची. किती सदनिका आहेत, रोज किती टँकर येतात, एका टँकरचे किती पैसे पडतात, ते कोण देतं? 'खूप खर्च होतो' हे वाक्य बातमीत चालत नाही. सोसायटीच्या हिशेबाच्या वहीतला महिन्याचा आकडा चालतो, कारण तो उद्या कोणालाही तपासता येतो.

दुसरी पायरी बांधकाम परवानगीची. पुण्यात अनेक प्रकल्पांना परवानगी घेताना बांधकाम व्यावसायिकांनी हमीपत्र दिलेलं असतं, की महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. या सोसायटीच्या बाबतीत असं हमीपत्र आहे का? असेल तर टँकरचे पैसे रहिवासी का भरत आहेत? बातमीचा विषय इथेच बदलतो. सुरुवातीला ती फक्त महापालिकेच्या दुर्लक्षाची होती. आता लेखी दिलेला शब्द कोणी पाळला नाही आणि तो पाळला जातोय का हे कोणी पाहिलं नाही, हा प्रश्न पुढे येतो.

तिसरी पायरी पाणीपुरवठा विभागाची. कनिष्ठ अभियंता सांगेल, दाब कमी आहे, टाकीचं काम चालू आहे. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेतून टाक्या आणि नव्या जलवाहिन्यांची कामं झाली आहेत. या भागातल्या टाकीचं काम कधी सुरू झालं, किती झालं, मुदत काय होती? 'लवकरच' हे उत्तर आलं तर तारीख विचारायची. तारीख मिळाली नाही तर 'तारीख सांगितली नाही' हेही बातमीत लिहायचं.

चौथी पायरी धरणाची. पुण्याचं बहुतांश पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येतं. त्यांची मिळून साठवण क्षमता साधारण २९ टीएमसी आहे. याच पाण्यावर दौंड-इंदापूरकडची शेतीही अवलंबून आहे. शहराला किती आणि कालव्याला किती, यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी ओढाताण होते. कोरडवाहू गावातून आलेल्या विद्यार्थ्याला ही बातमी शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळी दिसते. पाण्याचं एक आवर्तन चुकलं तर उभ्या पिकाचं काय होतं, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पाचवी पायरी प्रतिक्रियेची. ज्यांच्यावर ठपका येतो त्यांना छापण्याआधी विचारायचं. नुसता एक फोन करून 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहिणं म्हणजे विचारणं नव्हे. नेमका प्रश्न लिहून पाठवायचा आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यायचा.

एवढं झाल्यावर चारशे शब्दांची बातमी तयार होते. दोन आठवडे फिरून चारशे शब्द, हे सुरुवातीला खूप कमी वाटतं. पण त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या कागदावर किंवा कोणाच्या बोलण्यावर उभं आहे, हे ती सांगू शकते.

पाण्याची बातमी किरकोळ असते का?

नळाची, गटाराची, टँकरची बातमी करायला विद्यार्थी फारसे उत्सुक नसतात. राजकीय मुलाखत किंवा मोठा घोटाळा हवा असतो. या बातम्या किती गंभीर असतात, हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दिसलं.

त्या महिन्यात सिंहगड रस्ता परिसरात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, गुलेन बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांना मुंग्या येतात, ताकद जाते, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली आणि काहींचा मृत्यू झाला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्हींचा संसर्ग दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होऊ शकतो. त्यामुळे या भागातल्या विहिरींचं, टँकरचं आणि नळाचं पाणी एका रात्रीत देशभराच्या बातमीचा विषय झालं.

हे रुग्ण प्रामुख्याने ज्या भागांतले होते, तो पट्टा महापालिकेत नव्याने आलेल्या गावांचाच आहे. गावं महापालिकेत आली, पण शुद्धीकरण केंद्रातलं पाणी सगळीकडे पोहोचलं नव्हतं. ही गोष्ट तिथल्या रहिवाशांना आधीपासून माहीत होती.

विद्यार्थ्यांसाठी यात आणखी एक धडा होता, आकड्यांचा. आरोग्य विभागाच्या रोजच्या माहितीत 'संशयित रुग्ण' आणि 'निदान झालेले रुग्ण' हे दोन वेगळे आकडे असायचे. घाईत दोन्ही एकच धरले की चुकीची बातमी होते आणि लोक घाबरतात. 'पाण्यामुळे आजार झाला' आणि 'काही नमुन्यांत जंतू सापडले, पाण्याची तपासणी चालू आहे' या दोन वाक्यांतही असाच फरक आहे. दुसरं वाक्य लांबट वाटतं, पण त्या दिवशी खरं तेवढंच असतं.

ओळखपत्र नसताना कागद कसे मिळवायचे?

विद्यार्थ्याकडे शासनाची अधिस्वीकृती पत्रिका नसते. कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं तर 'प्रोजेक्ट आहे का?' असं विचारून वाटेला लावलं जातं. पण अनेक कागद पत्रकारासाठी म्हणून नसतात, ते नागरिकासाठी खुले असतात. ते कुठे मिळतात हे माहीत असलं की काम पुष्कळ सोपं होतं.

ग्रामसभा: महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने वर्षात किमान चार ग्रामसभा घेणं अपेक्षित असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या सहसा होतात. गावच्या मतदारयादीत नाव असेल तर विद्यार्थी स्वतःच ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. सुट्टीत घरी गेल्यावर बातमी मिळवायची याहून चांगली जागा नाही.

सरकारी पोर्टल: 'ई-ग्रामस्वराज'वर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर कुठल्या गावात किती घरांना नळजोडणी दिली हे दिसतं. या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं आहे. पडद्यावरचा आकडा लिहून घ्यायचा आणि गावात वीस घरं फिरून नळ उघडून पाहायचा. पाणी येतं का, किती वेळ येतं, उन्हाळ्यात काय होतं? नळ आहे पण पाणी नाही, हे पोर्टलवरच्या जोडण्यांच्या आकड्यात दिसत नाही. ते घरात गेल्यावरच कळतं.

पोलीस ठाणं: सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला, की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत, संपर्काची अडचण असलेल्या भागांत ७२ तासांपर्यंत, संकेतस्थळावर टाकावा. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं याला अपवाद आहेत. त्यामुळे ठाणे अंमलदाराने तोंडी सांगितलेलं आणि एफआयआरमध्ये लिहिलेलं ताडून पाहता येतं. एफआयआर म्हणजे तक्रार आहे, निकाल नाही, हेही इथेच शिकायचं असतं. तोवर माणूस 'आरोपी' असतो, 'गुन्हेगार' नसतो.

माहितीचा अधिकार: २००५ च्या या कायद्याखाली कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. नाही मिळालं तर त्याच कार्यालयात वरिष्ठांकडे पहिलं अपील करायचं आणि नंतर माहिती आयोगाकडे दुसरं. 'पाण्याबद्दलची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं तर अर्ज फेटाळला जातो किंवा मोघम उत्तर येतं. 'अमुक गावातल्या अमुक टाकीच्या कामाचा कार्यादेश, मुदतवाढीची पत्रं आणि आजवर दिलेल्या बिलांच्या प्रती' असं नेमकं मागितलं तर हाती काहीतरी लागतं. सत्र सहा महिन्यांचं असतं. त्यामुळे अर्ज पहिल्याच महिन्यात टाकावा लागतो.

याशिवाय राज्य सरकारने २०१८ मध्ये जिल्हा स्तरावरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय केली. ही सोय फार थोड्यांना माहीत असते.

नगरसेवक नसलेली महापालिका

शहरात पत्रकारिता शिकणाऱ्या एका अख्ख्या पिढीला एक वेगळाच अनुभव आला. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात प्रवेश घेऊन पदवी मिळवलेल्या विद्यार्थ्यांनी नगरसेवकांची एकही सभा पाहिली नाही.

बातमीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? एरवी महापालिकेत स्थायी समिती असते, मुख्य सभा असते. प्रस्ताव विषयपत्रिकेवर येतो, विरोधी नगरसेवक प्रश्न विचारतो, भांडण होतं आणि बातमीदाराला कळतं की इथे काहीतरी आहे. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे आणि सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे असतात. प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं प्रशासन एकच. सभागृहात भांडणारं कोणी नसल्यामुळे बातमीची पहिली खबर देणाराही नसतो. तेव्हा मंजूर झालेले ठराव आणि निविदा स्वतः शोधून वाचणं एवढाच मार्ग उरतो. ज्यांनी या काळात ती सवय लावून घेतली, त्यांना ती निवडून आलेलं सभागृह असतानाही उपयोगी पडते.

नाव छापायचं की नाही?

शहरातल्या बातमीदाराला ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस कदाचित पुन्हा भेटत नाही. गावात तो दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर भेटतो. म्हणून स्थानिक बातमीत कायद्याची आणि विवेकाची बाजू आधी शिकवावी लागते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये, पूर्वीच्या दंड संहितेत २२८-अ मध्ये, यासाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूल असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. पीडित आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल, दोघांचीही ओळख बाल न्याय कायद्याने जपली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की नुसतं नाव टाळून भागत नाही. ओळख पटेल असा कुठलाही तपशील देता येत नाही.

लहान गावात याचा अर्थ फार कडक होतो. 'नववीत शिकणारी, देवळाजवळ राहणारी, वडील रिक्षा चालवतात' एवढं लिहिलं की अख्ख्या गावाला मुलगी कळते, नाव कुठेही नसलं तरी. आरोपी नातेवाईक असेल आणि त्याचं नाव-नातं छापलं, तरी तेच होतं. मोठ्या शहरात चालून जाणारा तपशील तीन हजार वस्तीच्या गावात चालत नाही.

आत्महत्येच्या बातमीचंही तसंच. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळा नको, एकाच कारणावर बोट ठेवायचं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यातून आलेल्या विद्यार्थ्याला या सूचना पुस्तकी वाटत नाहीत. ज्या घरात बातमी घ्यायला जायचं ते घर त्याच्या ओळखीचं असू शकतं. काय विचारायचं, किती वेळ थांबायचं, फोटो मागायचा की नाही, हे ठरवताना तो आधी शेजारी असतो आणि मग बातमीदार.

गावी परतून पत्रकारिता करता येते का?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. तालुक्याच्या बऱ्याच वार्ताहरांना पगार नसतो, तुटपुंजं मानधन असतं. कमाईचा मोठा भाग जाहिरातींच्या कमिशनवर येतो. नेत्याचा वाढदिवस, दिवाळी, पतसंस्थेचा वर्धापन दिन, या जाहिराती वार्ताहरानेच आणायच्या असतात. ज्याच्याकडून ऑक्टोबरमध्ये जाहिरात घ्यायची, त्याच्याविरुद्ध सप्टेंबरमध्ये बातमी कशी द्यायची? स्थानिक पत्रकारितेतली बरीचशी गप्पगप्प राहण्याची वृत्ती या एका व्यवहारातून येते. वार्ताहर भित्रा असतोच असं नाही. त्याचं घर ज्या पैशावर चालतं तो पैसा कोणाकडून येतो, हे पाहायला हवं.

धोकाही खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरी प्रकल्पाशी संबंधित त्यांची बातमी धडकेच्या दिवशीच प्रसिद्ध झाली होती. पोलिसांनी या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला. वारिशे हे स्थानिक बातमीदार होते, मोठ्या शहरातलं प्रसिद्ध नाव नव्हतं.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पण कायद्यातली पत्रकाराची व्याख्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्यांची आहे. केवळ सरावासाठी बातमी करणारा विद्यार्थी त्यात सहज बसत नाही. त्यामुळे वाळू, जमीन, दारू अशा विषयांवर विद्यार्थ्याने एकट्याने जाऊ नये, कुठे जातोय हे शिक्षकांना सांगावं, नोंदींची प्रत दुसऱ्याकडे ठेवावी, हे साधे नियम वर्गात आधी शिकवायला हवेत. पहिली बातमी जिवापेक्षा मोठी नसते.

दुसरीकडे, मार्ग पूर्वीपेक्षा वाढले आहेत. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या व्यासपीठावर मराठीतून वाचता येतं आणि विद्यार्थ्यांचं कामही तिथे प्रसिद्ध होतं. जिल्हा पातळीवर यूट्यूब वाहिन्या आणि छोटी पोर्टल निघाली आहेत. त्यांतही जाहिरात आणि बातमी यांची गाठ सुटलेली नाही, पण निदान छपाईचा खर्च नाही.

मग या शिक्षणातून हाती काय लागतं?

कॉलेज ओळखी देत नाही आणि नोकरीची हमीही देत नाही. चांगलं कॉलेज एक सवय लावतं. कोणी काही सांगितलं की 'हे तुम्हाला कसं कळलं?' असं विचारायची, आणि तोच प्रश्न स्वतःच्या वाक्याला विचारायची. स्थानिक बातमी ही सवय पक्की करते, कारण तिथे चूक लपत नाही. राष्ट्रीय राजकारणावर चुकीचं लिहिलं तर समाजमाध्यमांवर वाद होतो. टाकीच्या कामाची तारीख चुकली तर त्या गल्लीतली आजी थांबवून विचारते, 'काय रे, तू तर लिहिलं होतंस मार्चमध्ये पाणी येणार म्हणून?' तिला उत्तर द्यावंच लागतं. पुढच्या बातमीसाठी तिच्याच दारात जायचं असतं.

पत्रकारितेला प्रवेश घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आजच करून पाहता येईल. आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा प्रभागाचा एकच प्रश्न निवडा. निर्णय कोणी घेतला, कागद कुठे आहे आणि झळ कोणाला बसते, या तीन ठिकाणी स्वतः जाऊन या. महिनाभराने लिहायला बसल्यावर 'नागरिक त्रस्त' या दोन शब्दांऐवजी तुमच्याकडे आकडा, तारीख आणि माणसाचं म्हणणं असेल, तर हे काम तुम्हाला जमण्यासारखं आहे.

आणि पत्रकार व्हायचं नसेल, तर वाचक म्हणून हेच तीन प्रश्न रोजच्या बातमीला विचारून पाहा. ज्या बातमीत त्यांची उत्तरं सापडतील, ती आणणारा कोणीतरी त्यासाठी बरेच दिवस कार्यालयांच्या बाकांवर बसलेला असतो.